अग्नी थंड असल्याचा ठराव

गीतेच्या अठराव्या अध्यायावरील भाष्यात शंकराचार्यांनी, जाता जाता सांगावी तशा रीतीने, एक गोष्ट सांगून ठेवली आहे, की अग्नी थंड असतो किंवा तो प्रकाश देत नाही असे एक सोडून शंभर श्रुतिवचनांनी जरी सांगितले, तरी तेवढ्याने त्या वचनांना त्या बाबतीत प्रामाण्य येत नाही. ज्या पुरुषाने आपले अल्प आयुष्य श्रुतीचे प्रामाण्य प्रस्थापित करण्यात वेचले, धर्म आणि ब्रह्म यांच्या प्रांतात ज्याला वेदाखेरीज दुसरा साक्षीदारच मान्य नव्हता, त्याने त्याच श्रुतीच्या मुलखाची चतुःसीमा इतक्या निःशंकपणे आखून द्यावी, आणि त्या सीमेपलीकडे चुलीचा चटका बसलेल्या एखाद्या निरक्षर स्वयंपाकिणीचा शब्द वेदाहून वरचढ ठरतो हे कबूल करावे, यात मला त्यांच्या श्रद्धेची उणीव कधीच दिसली नाही. श्रुतीला जे सांगण्याचा अधिकार आहे तेवढेच ती सांगते, एवढाच त्याचा अर्थ; आणि हा अर्थ मनात पक्का असलेला मनुष्यच ती सांगते ते निर्धास्तपणे ऐकू शकतो.

हे वचन मला नव्याने आठवले ते वेदान्ताच्या पाठात नव्हे, तर विलायतेच्या पार्लमेंटाने २०२४ साली संमत केलेला एक कायदा वाचताना. आफ्रिका खंडातील रवांडा हा देश सुरक्षित आहे, असे त्या कायद्याने ठरविले. आणि नुसते ठरवून तो थांबला नाही, तर ब्रिटनमध्ये आश्रय मागावयास आलेल्या परदेशी माणसाची रवानगी तिकडे करावी की नाही याचा निर्णय करणाऱ्या प्रत्येक मंत्र्याने, अंमलदाराने आणि न्यायासनाने तो देश निर्विवादपणे सुरक्षितच मानला पाहिजे, असे त्याने फर्माविले. कायद्याने हुकूम करावा यात नवल नाही. सारा भरा, गाडी डाव्या अंगाने हाका, मुदतीत अर्ज रुजू करा, हे तो सांगतो आणि आपण ऐकतो. परंतु ‘असे करा’ या हुकमाच्या जागी ‘असे आहे, असे माना’ हा हुकूम येतो, आणि तोही ज्याचा व्यवसायच खऱ्याखोट्याची पारख करणे आहे अशा न्यायाधीशाला उद्देशून येतो, तेव्हा राजनीतीचा प्रश्न संपून तत्त्वज्ञानाचा प्रश्न सुरू होतो, असे मला वाटते.

पूर्वपीठिका थोडक्यात अशी. फ्रान्सचा किनारा सोडून रबरी होड्यांतून इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या लोकांची संख्या एकट्या २०२२ साली ४५,००० च्या वर गेली. त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात ब्रिटिश सरकारने रवांडाशी करार केला, की अशा लोकांना विमानाने तिकडे धाडावे, त्यांच्या अर्जांची चौकशी तिकडेच व्हावी, आणि अर्ज मंजूर झाला तरी त्यांनी तिकडेच राहावे. पहिले विमान जून महिन्यात उड्डाणाच्या बेतात असताना स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयाच्या अंतरिम हुकमामुळे ते जागीच राहिले. पुढे प्रकरण लंडनच्या सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १५ नोव्हेंबर २०२३ रोजी पाच न्यायाधीशांनी एकमुखाने निर्णय दिला, की ही योजना बेकायदेशीर आहे. त्यांनी रवांडाच्या सरकारच्या हेतूवर शिंतोडे उडविले नाहीत. त्यांनी एवढेच पाहिले, की तेथे धाडलेला मनुष्य ज्या देशातून जीव मुठीत धरून पळाला त्याच देशाच्या हवाली पुन्हा केला जाण्याचा खराखुरा धोका आहे काय. आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक कचेरीने पुढे ठेवलेला पुरावा, तसेच इस्रायलने पूर्वी त्याच देशाशी केलेल्या अशाच व्यवस्थेचा अनुभव, हे सर्व तपासून धोका आहे असे त्यांना आढळले. त्यावर सरकारने सुमारे तीन आठवड्यांत रवांडाशी नवा तह केला आणि वर सांगितलेल्या कायद्याचा मसुदा पार्लमेंटपुढे मांडला. न्यायालयाला जे आढळले नाही, ते पार्लमेंटाला आढळावयाचे होते.

येथे एखादा कायदेपंडित हसून म्हणेल, की कल्पितांवाचून कायद्याचे पान कधी हलले आहे? दत्तक घेतलेला मुलगा औरसासारखा मानावा असे आपल्या धर्मशास्त्राने सांगितले; देवळातील मूर्ती ही मालमत्ता धारण करणारी व्यक्ती आहे असे आपल्या न्यायालयांनी मानले; मग एक देश सुरक्षित मानला म्हणून आकाश का कोसळावे? आक्षेप वरवरचा नाही. दत्तकविधानाने वारसा बदलतो, गोत्र बदलते, पिंडदानाचा अधिकार बदलतो, म्हणजे माणसांनी माणसांशी मांडलेले जे व्यवहार ते बदलतात, आणि ते बदलण्याचा अधिकार माणसांच्या संस्थांना आहेच. परंतु त्याच मुलाला वैद्याकडे नेले आणि वडिलांना मधुमेह होता काय असे वैद्याने विचारले, तर दत्तकपत्र पुढे करून कोणी दत्तक बापाच्या प्रकृतीचे वर्णन करीत नाही. रक्तापुढे दत्तकपत्र मुकाट होते. ते मुकाट होते म्हणूनच ते शहाणे कल्पित आहे.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात हाच भेद दोन शब्दांनी केला आहे. क्रिया ही पुरुषतंत्र असते, ज्ञान हे वस्तुतंत्र असते. घोड्यावरून जावे, पायी जावे, किंवा मुळीच जाऊ नये, हे जाणाऱ्याच्या इच्छेवर आहे. परंतु अंधूक उजेडात समोर दिसते आहे तो खांब आहे की माणूस, हे पाहणाऱ्याच्या इच्छेवर नाही. तेथे विकल्प नाही, बहुमत नाही, तडजोड नाही. खांब असेल तर ‘खांब’ हेच ज्ञान, बाकीचा सर्व भ्रम. आता आश्रयाच्या प्रश्नाला ही फूटपट्टी लावून पाहावी. परक्यांपैकी किती जणांना घ्यावे, कोणत्या क्रमाने घ्यावे, विद्यार्थ्याला शिक्षणानंतर किती महिने राहू द्यावे, हे सर्व पुरुषतंत्र आहे. राष्ट्राने यांपैकी काहीही ठरवावे. ते कंजूष ठरेल किंवा उदार ठरेल, परंतु असत्य ठरणार नाही. मात्र या माणसाला त्याच्या गावी खरोखरच भय आहे काय, तो देश खरोखरच सुरक्षित आहे काय, या विद्यार्थ्याने परीक्षेत खरोखरच लबाडी केली आहे काय, हे वस्तुतंत्र आहे. पहिल्या प्रकारच्या प्रश्नांवर असलेली सत्ता दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांवर चालविण्याचा मोह हा परदेशी माणसांविषयीच्या सरकारी धोरणाला जडलेला मूळचा रोग आहे. आणि पार्लमेंटाची छाननी म्हणून जी काही चीज आहे तिचे खरे काम दया उत्पन्न करणे हे नसून या मोहाला वेळच्या वेळी आडवे जाणे हे आहे.

हे काम त्या वेळी झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. उमरावसभेच्या आंतरराष्ट्रीय करारविषयक समितीने त्या नव्या तहाची कलमे एकेक करून तपासली. तहात लिहिलेल्या व्यवस्था चांगल्या असतीलही, परंतु त्या अद्याप कागदावर आहेत, त्या जमिनीवर उतरल्याचे दिसल्याशिवाय तहाला मान्यता देऊ नये, असा अभिप्राय तिने दिला, आणि जानेवारी २०२४ मध्ये उमरावसभेने तो १७१ विरुद्ध २१४ मतांनी उचलून धरला. पूर्वी सर्वोच्च न्यायालयाचे उपाध्यक्ष राहिलेले लॉर्ड होप यांनी विधेयकाला एक दुरुस्ती सुचविली. तहान्वये जी देखरेख समिती नेमली आहे तिने व्यवस्था अमलात आल्याचे कळविल्यावर मग तो देश सुरक्षित समजावा, आणि पुढे तसे उरले नाही तर समजू नये. किती साधी दुरुस्ती! ‘आहे’ या क्रियापदाला तिने फक्त ‘असेल तेव्हा’ एवढे दोन शब्द जोडले होते. कॉमन्स सभेने ती फेटाळली. उमरावसभेने ती पुन्हा पाठविली. ती पुन्हा फेटाळली गेली. दोन्ही सभागृहांमध्ये विधेयकाची ही ये-जा होऊन अखेर २२ एप्रिलच्या रात्री उमराव थकले, आणि २५ तारखेस राजाची संमती मिळून विधेयकाचा कायदा झाला. लोकांनी निवडलेल्या सभेपुढे न निवडलेल्या सभेने शेवटी मान तुकवावी हा त्यांचा जुना शिरस्ता आहे, आणि पुरुषतंत्र गोष्टीत तो योग्यही आहे. परंतु खांबाला माणूस म्हणण्याच्या बाबतीत निवडून आलेल्या डोळ्यांना अधिक दिसते, असे मानावयास मला आधार सापडत नाही.

उमरावसभेत २६ बिशप बसतात, ही गोष्ट आपल्याकडील वाचकाला चमत्कारिक वाटेल. योजना जाहीर होताच २०२२ च्या ईस्टरच्या प्रवचनात कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी ती ईश्वराच्या स्वभावाच्या उलट असल्याचे सांगितले, आणि जूनमध्ये उमरावसभेतील सर्व २५ विद्यमान बिशपांनी एका वृत्तपत्रात सहीनिशी पत्र लिहून तिचा धिक्कार केला. ख्रिस्ताच्या जन्मकथेतच त्याच्या आईबापांना राजाच्या भयाने इजिप्त देशी पळावे लागले होते. तेव्हा ज्या धर्माचा संस्थापक पाळण्यातच निर्वासित झाला, त्या धर्माच्या आचार्यांनी गप्प राहावे अशी अपेक्षाच चुकीची होती. मंत्र्यांनी त्यांना उत्तर दिले ते नेहमीचेच, की धर्मपीठाने राजकारणात पडू नये. हे उत्तर मला पोकळ वाटते. तरीपण बिशपांच्या बाजूनेही एक गोष्ट निसटली असे मला राहून राहून वाटते. त्यांनी करुणेचा पक्ष घेतला. आणि करुणा ही पुरुषतंत्र असल्यामुळे तिला ‘आमची करुणा थोडी वेगळी आहे, आम्ही बुडणाऱ्यांना होडीत चढूच देणार नाही’ असे प्रत्युत्तर सहज करता येते, आणि ते केलेही गेले. ज्या जागी प्रत्युत्तर नव्हते ती जागा सत्याची होती.

आपल्या परंपरेत शरणागताचा विचार निघाला की रामाने बिभीषणाला अभय दिल्याचा प्रसंग हटकून सांगतात. परंतु कीर्तनात तो सांगताना त्यातील निम्मा भाग, आणि माझ्या मते अधिक मोलाचा भाग, गाळून टाकतात. वाल्मीकीने युद्धकांडात तो प्रसंग एका सभेच्या रूपाने रंगविला आहे. समुद्राच्या उत्तर तीरावर वानरसेनेचा तळ पडलेला. आकाशात चार सोबत्यांसह एक राक्षस येऊन उभा राहतो, आणि मी रावणाचा धाकटा भाऊ, बायकामुले मागे टाकून रामाला शरण आलो आहे, असे सांगतो. सुग्रीव म्हणतो, हा हेर आहे, याला ठार करा. मग राम एकेकाचे मत विचारतो. अंगद म्हणतो, शत्रूकडून आलेला मनुष्य एकदम विश्वासास पात्र नव्हे, त्याचे गुणदोष तोलून पाहावे. शरभ म्हणतो, त्याच्यावर आपला हेर घालावा. जांबवान म्हातारा आणि सावध. त्याला आलेल्याच्या वेळेचा आणि स्थळाचाच संशय येतो. मैंद म्हणतो, त्याला गोड बोलून, हळूहळू प्रश्न विचारून त्याचा भाव काढून घ्यावा. शेवटी हनुमान उठतो, आणि त्या सभेत लंका प्रत्यक्ष पाहून आलेला तोच एकटा. तो म्हणतो, जो समोर उभा आहे त्याच्यावर हेर कसा घालणार? आणि नुकत्याच आलेल्या परक्याला प्रश्नांच्या भडिमाराखाली घेतले, तर प्रामाणिक मनुष्यही बिचकतो आणि मित्र व्हावयाचा तो दुरावतो. याच्या बोलण्यात आणि चेहऱ्यावर मला कपट दिसत नाही, याला घ्यावे.

आश्रयार्थ्याच्या जाबजबाबाचे सारे शास्त्र या पाच-सहा भाषणांत आले आहे, आणि आजच्या कोणत्याही गृहखात्याच्या दफ्तरात यांपैकी प्रत्येक मताचा एक तरी अंमलदार हमखास सापडेल. परंतु मला नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. त्या सभेत कोणी उदार आहे, कोणी क्रूर आहे, कोणी भित्रा आहे. पण प्रत्येक जण बिभीषण कोण आहे हे जाणण्याचा काही ना काही मार्ग सुचवितो आहे, किंवा जाणण्याचा मार्ग चुकीचा आहे असे म्हणतो आहे. ‘तो हेर आहे असे आपण ठराव करून मानू या’ असे कोणी म्हणत नाही. ‘लंका ही बिभीषणाला सर्वथा सुरक्षित आहे, असे या सभेचे मत नोंदवून त्याला परत धाडावे’ असे तर सुग्रीवाच्याही तोंडून वाल्मीकीला वदविता आले नाही, आणि सुग्रीवाचा राग काही लहान नव्हता.

रामाचे उत्तर याहून सूक्ष्म आहे. बिभीषण सज्जन असल्याचा निर्वाळा तो देत नाही. तो म्हणतो, मित्रभावाने आलेल्याला, त्याच्यात दोष असला तरी, मी टाकणार नाही. आणि सुग्रीव पुन्हा अडून बसतो तेव्हा आपल्या घरी आलेल्या व्याधाला, तो आपल्या मादीचा वैरी असताना, स्वतःचे मांस देणाऱ्या कपोताची गोष्ट सांगून, आलेला बिभीषण असो की खुद्द रावण असो, त्याला घेऊन ये, असे म्हणतो. म्हणजे वस्तूचा प्रश्न त्याने मंत्र्यांना मोकळेपणाने विचारू दिला, आणि जेथे त्याचे पक्के उत्तर मिळेना तेथे ते मिळाल्याचे सोंग केले नाही. कृतीचा निर्णय मात्र त्याने आपल्या व्रतावर घेतला आणि त्याची जोखीम आपल्या अंगावर घेतली. लंडनच्या मंत्रिमंडळाने नेमके उलट केले. कृतीचा निर्णय आधी झाला होता. त्याला न शोभणारी वस्तुस्थिती मागाहून ठरावाने दुरुस्त करण्यात आली.

येथे ससाण्याची बाजू ऐकली पाहिजे. शिबी राजाची कथा सर्वांना ठाऊक आहे. वनपर्वाच्या एका प्रकरणात ती त्याच्या पित्याच्या, उशीनराच्या, नावावर आहे. मांडीवर येऊन बसलेल्या कबुतराच्या वजनाइतके स्वतःचे मांस राजा तराजूत घालतो, एवढेच आपण लक्षात ठेवतो. परंतु महाभारतातला ससाणा खलपुरुष नाही. तो वाद घालतो. तू या एका पाखराला वाचवितोस, पण माझे अन्न तू हिरावून घेतलेस, मी मेलो तर माझी पिले मरतील. ज्या धर्माने दुसऱ्या धर्माला बाधा येते तो धर्म कसा, असा त्याचा सवाल आहे, आणि राजाला तो उडवून लावता येत नाही, म्हणून तर तराजू आणावा लागतो. बंदरावरच्या एखाद्या पडेल इंग्रजी गावातील मनुष्य, ज्याला घराच्या प्रतीक्षायादीवर वर्षानुवर्षे ताटकळावे लागले आणि ज्याच्या गावच्या हॉटेलात सरकारने एका रात्रीत आश्रयार्थी आणून ठेवले, तो हा ससाणा आहे. त्याचा प्रश्न खोटा नाही. कपोताने मांस दिले ते स्वतःचे, शिबीने दिले ते स्वतःचे. मंत्री आणि बिशप जे देतील ते बहुधा दुसऱ्याच्या मांडीचे असते, हेही खरे. एवढे सर्व मान्य करूनही, तराजूच्या एका पारड्याला खालून बोट लावण्याची मुभा त्यातून निघत नाही. ससाण्यानेसुद्धा वजन बरोबर व्हावे एवढेच मागितले होते. (त्या कथेत ससाणा हा इंद्र असतो, आणि पळून आलेले ते थरथरणारे कबुतर म्हणजे साक्षात अग्नी असतो, ही गोष्ट मी आज मुद्दाम पुन्हा वाचून पाहिली.)

आश्रयाचे प्रश्न जगाच्या नजरेत भरतात. विद्यार्थ्यांच्या परवान्यांचे प्रश्न बिनबोभाट निकालात निघतात, आणि म्हणूनच तेथे हा रोग अधिक खोल गेलेला आढळतो. याला कायदेशीर कारणही आहे. परदेशी माणसाने ब्रिटनमध्ये यावे कसे आणि राहावे किती, याचे बहुतेक नियम १९७१ च्या कायद्यान्वये गृहमंत्री स्वतः करतो आणि पार्लमेंटच्या मेजावर ठेवतो. चाळीस दिवसांत एखाद्या सभागृहाने नापसंतीचा ठराव केला तरच त्याला फेरविचार करावा लागतो, आणि नियमांत एका शब्दाचीही दुरुस्ती करण्याची सोय सभागृहाला नाही. १९७२ आणि १९८२ साली कॉमन्स सभेने असे नियम नामंजूर केले होते. एवढी दोन उदाहरणे आठवून सांगावी लागतात यातच काय ते आले. २०२४ च्या आरंभापासून, संशोधनाचा अभ्यासक्रम वगळता, परदेशी विद्यार्थ्याला बायकामुले बरोबर नेता येणार नाहीत असा नियम झाला, तेव्हा नाशिकच्या किंवा नांदेडच्या ज्या मुलाने शेत गहाण टाकून फी भरण्याचा बेत केला होता त्याच्या संसाराची घडी त्या एका कागदाने बदलली. तरीही हा नियम कठोर असला तरी असत्य नाही. तो पुरुषतंत्र आहे, आणि त्याच्याशी भांडावयाचे ते शहाणपणाच्या मुद्द्यावर.

परंतु २०१४ सालचे प्रकरण निराळे होते. परवान्यासाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेत काही केंद्रांवर तोतये बसविले जातात हे बी.बी.सी.च्या वार्ताहरांनी उघडकीस आणले. लबाडी खरी होती. तिच्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परीक्षा घेणाऱ्या अमेरिकन संस्थेने मग ध्वनिमुद्रणे यंत्राने आणि कानांनी तपासली, आणि ५८,००० हून अधिक परीक्षांपैकी ९७ टक्के संशयास्पद ठरविल्या. त्यांतील ५८ टक्के सरळ अवैध आणि ३९ टक्के शंकास्पद. न्यायशास्त्राच्या पहिल्या पाठात शिकणाऱ्या मुलालाही येथे अतिव्याप्तीचा वास आला असता. ज्या लक्षणाने शंभरांतील सत्त्याण्णव लबाड ठरतात ते लक्षण लबाडाचे आहे की परीक्षार्थीचे, हा प्रश्न कोणाच्या तरी मनात यावयास हवा होता. गृहखात्याच्या मनात तो आला नाही. यादी हाच पुरावा झाला, आणि हजारो विद्यार्थ्यांचे परवाने रद्द झाले. त्यांत भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशाची मुले पुष्कळ होती. दाद मागावयाची तर बहुतेकांना आधी देश सोडून मग अपील करण्याची वाट होती. ज्यांना कोर्टापुढे उभे राहता आले त्यांच्यापैकी कित्येक जण न्यायाधीशांसमोर अस्खलित इंग्रजीत आपली कैफियत मांडीत होते. आणि इंग्रजी उत्तम येणारा मनुष्यही काही कारणाने तोतया बसवू शकतो, असा युक्तिवाद करून ते समोर ऐकू येणारे प्रत्यक्ष बाजूस सारण्यात येत होते. युक्तिवाद तर्काला धरून आहे, हे नाकारता येत नाही. त्याने अंगावर काटा येतो, हेही नाकारता येत नाही.

पाच वर्षांनी, २०१९ साली, तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षकांनी आणि पाठोपाठ पार्लमेंटच्या लोकलेखा समितीने हे दफ्तर उघडले. हिशेब तपासणाऱ्यांनी आधी हिशेबच मागितला. १२,५०० च्या आसपास अपिलांची सुनावणी झाली होती आणि सुमारे ३,६०० जण जिंकले होते; जिंकलेले सगळेच निर्दोष म्हणून जिंकले असे नव्हे, आणि हरलेले सगळेच दोषी म्हणून हरले असेही नव्हे. परंतु परवाने रद्द करण्यापूर्वी यादीत निरपराध मनुष्य चुकून आला असेल काय, याचा विचार खात्याने केल्याचा पुरावा लेखापरीक्षकांना सापडला नाही. सर्व अहवालात मला हे एक वाक्य सर्वांत भयंकर वाटते, कारण त्यात क्रौर्य नाही, द्वेष नाही, असत्यसुद्धा नाही. फक्त एक प्रश्न विचारला गेला नाही. ज्या वयात मनुष्य पदवी घेतो, नोकरी धरतो, लग्न करतो, त्या वयाची पाच वर्षे या न विचारलेल्या प्रश्नाने खाल्ली.

जहाजाने आलेल्या वेस्ट इंडीजच्या लोकांची हकीकत तर सर्वश्रुतच आहे. १९४८ साली टिलबरीच्या धक्क्याला ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज लागले, त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत साम्राज्याचे प्रजाजन म्हणून जे हक्काने आले, त्यांच्याकडे पन्नास वर्षांनी वास्तव्याचे दाखले मागण्यात आले; आणि त्यांच्या आगमनाची नोंद असलेली उतारपत्रे खात्याने २०१० साली स्वतःच नष्ट केली होती. २०१८ च्या एप्रिलमध्ये या प्रकरणी कॉमन्स सभेच्या समितीपुढे गृहमंत्री अँबर रड यांची साक्ष झाली. देशाबाहेर घालवावयाच्या माणसांची संख्या आधी नेमून दिलेली असते काय, असे विचारल्यावर त्यांनी नाही म्हणून सांगितले, आणि तसे आकडे असल्याचे कागद बाहेर येताच चार दिवसांनी त्यांना जावे लागले. इतक्या लोकांचे इतके हाल करून जे पद शाबूत राहिले होते ते एका चुकीच्या उत्तराने गेले, याची पुष्कळांनी थट्टा केली. मला मात्र त्यात पार्लमेंटाची जुनी अक्कल दिसते. सभागृहापुढे निर्दयपणा क्षम्य ठरतो, कारण तो बदलता येतो. खोटी माहिती क्षम्य ठरत नाही, कारण ज्या डोळ्यांनी सभागृह पाहते तेच ती फोडते. हा दंडक जेथे मंत्र्याला लागू आहे, तेथे तो सभागृहाच्या स्वतःच्या कायद्याला लागू नसावा हीच खरी गंमत आहे.

हे सर्व लिहिताना आपल्याकडची एक जुनी जखमही आठवल्यावाचून राहात नाही. ८ जुलै १९१० रोजी मार्सेच्या बंदरात ‘मोरिया’ बोटीतून उडी टाकून सावरकर फ्रान्सच्या भूमीवर पोचले, आणि फ्रेंच शिपायाने त्यांना धरून पुन्हा इंग्रज पोलिसांच्या स्वाधीन केले. हेगच्या लवादाने पुढल्या फेब्रुवारीत निवाडा दिला, की त्यांना धरून स्वाधीन करण्यात अनियमितपणा झाला हे खरे, परंतु त्यामुळे त्यांना फ्रान्सला परत देण्याचे बंधन ब्रिटनवर येत नाही. या निवाड्याचा राग मराठी घरांत अजून ताजा आहे. तरी लवादाने एवढे केले की घडले ते घडले असे लिहिले. ते घडलेच नाही असे लिहिले नाही. आणि आपण विलायतेला नावे ठेवीत असताना हेही ध्यानात ठेवावे, की निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या करारावर भारताने सही केलेली नाही, आणि आश्रय मागणाऱ्याची चौकशी कशी व्हावी याचा स्वतंत्र कायदा आपल्या संसदेने आजवर केलेला नाही. त्यांच्या सभागृहात खांबाला माणूस म्हणण्यावरून रात्रीच्या रात्री वाद तरी झाला. आपल्याकडे तो दिवाच अजून लागावयाचा आहे.

उमरावसभेतील त्या वादांत एक नव्वदी ओलांडलेले गृहस्थ बसत असत, त्यांचे नाव आल्फ डब्ज. १९३९ साली प्रागहून निघालेल्या आगगाडीतून, नाझींच्या तावडीतून सोडविलेल्या ६६९ मुलांपैकी एक म्हणून, ते वयाच्या सहाव्या वर्षी इंग्लंडात आले. युरोपात एकट्या पडलेल्या निर्वासित मुलांना आणावे अशी दुरुस्ती २०१६ च्या कायद्यात त्यांनीच घालून घेतली होती. प्रागमधील ज्यू मुलाला प्राग सुरक्षित आहे की नाही, हा प्रश्न त्या काळीही कोणी तरी टेबलावर बसून सोडवीत असणारच.

२०२४ च्या जुलैमध्ये निवडणूक होऊन सरकार बदलले, आणि नव्या सरकारने रवांडाची योजना गुंडाळली. तोवर तिच्यावर ७० कोटी पौंड खर्च झाल्याचे नव्या गृहमंत्र्यांनी कॉमन्स सभेला सांगितले. तिकडे प्रत्यक्ष गेली होती चार माणसे, तीही आपखुशीने. परंतु योजना गेली तरी कायदा लगेच गेला नाही. तो रद्द करण्यास दुसरा कायदा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. त्या मधल्या दिवसांत धाडावयास विमान नव्हते, धाडावयाचा मनुष्य नव्हता, धाडण्याची इच्छाही कोणास उरली नव्हती. तरी इंग्लंडातील प्रत्येक न्यायाधीशाने रवांडा सुरक्षित आहे असे निर्विवादपणे मानावयाचे होते. त्याला कोणी विचारावयासच येत नव्हते.